मामाची चंची आणि बंदुकीच्या टोप्या

माझी शाळा लवकर सुटली, म्हणून शुद्धलेखन चुकलं किंवा शब्द साधे वाटले तर सांभाळून घ्या.

धावड्याचे माझे मामा पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक बाळगायचे. शिशाच्या गोळ्या आम्ही घरीच साच्यात ओतायचो. गोळीवर बारीक सुरकुती दिसली तरी मामा ती परत वितळवायचे. बार पेटवणाऱ्या टोप्या मात्र कमरेच्या चंचीत, तंबाखू-चुन्याशेजारी ठेवायचे.

दुष्काळानंतरचा पहिला भुईमूग काढणीला आल्ता. एका संध्याकाळी त्यात रानडुकरं घुसली. मामांनी नेम धरून चाप ओढला. नुसतं टक् झालं. दुसरी टोपी लावली, तरी तेच.

"मामा, चुन्यानं टोप्या ओल्या झाल्या."

"आता सांगून राह्यला व्हय? मंग वरड की जल्दी!"

चार माणसांत तोंड न उघडणारा मी असा ओरडलो, की डुकरं बांध ओलांडून पळाली.

मामा हसत सुटले. "भाचेबुवा, तुमची टोपी बराबर कोरडी हाय!"

मामा आता नाहीत, पण ते हसू अजून कानात आहे.

त्या ओरडण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालन्याला नव्या टोप्या आणायला गेलो. घसा पार बसल्ता, म्हणून टोप्यांची डबी बोटानंच दाखवली. मामांच्या ओळखीचा दुकानदार म्हणाला, "मामाला म्हणावं, जरा बोलका भाचा पाठवत जा!"