डाव्या अंगाची माणसं

— तिथं नका बसू भावजी, त्या बाजूनं तुमी त्यांना दिसायचे न्हाईत. इकडं या, बाजेच्या उजव्या अंगाला. अन् हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. हातातला कागद कळला मला — दूध संस्थेचा ठराव हाय, ह्यांना दुधाच्या मापावरून काढायचा. चेअरमन तुमी, तुमालाच आणून द्यावा लागणार. द्या, पण चहा होऊ द्या.

खालच्या आळीचं दूध नासलं, खरं हाय. मापाच्या टेबलाला वरच्या आळीची रांग उजवीकडं, तुमची खालची डावीकडं, वाडवडिलांपासून तशीच. आठ-नऊ दिवस हे उजवी रांग संपवायचे अन् वही मिटून घरी यायचे. डावीकडं बाया किटल्या धरून उभ्या, वर ऊन हे असं. गावानं लगेच ओळखलं — राधाकिशन वरच्या गटाला मिळाला. तुमी सोताहून राम राम घातला, त्याचाबी जबाब न्हाई. मग तर पक्कंच झालं. अहो, तुमचं काय घेऊन बसलात — मी घरातली, मला वाटलं माझ्यावर रुसलेत.

का रुसतील म्हणजे? ढवळी गाय चारा छावणीत धाडली, मला न विचारता. माझ्या हातची गाय ती, त्यावरनं आमचं वाजलं. मग मी नऊ दिवसांचं मौन धरलं. पावसासाठी धरलं म्हणून सांगितलं सगळ्यांना, शेजारच्या गीताबाईंनी कौतुकबी केलं — पावसासाठी होतंच म्हणा थोडं. थोडं रागाचं होतं. देवाला ते कळलं असणार, म्हणूनच पाऊस आला न्हाई. मी डाव्या अंगाला बसून ताट वाढायची, हे अर्धी भाकरी खायचे, डावीकडची अर्धी तशीच ठेवून उठायचे. मला वाटलं, हट्टानं अर्धपोटी उठतायत. मीबी हट्टानं बोलले न्हाई. मौनाच्या सुरवातीलाच कवातरी मेंदूत रक्ताची गुठळी झाली भावजी, अन् मी शेजारी बसून व्रत पाळत होते.

डोळे चांगले हायेत. मोठ्या डॉक्टरनं दोनदा सांगितलं, सुईत दोरा ओवतील म्हणे. बघायचं काम डोळ्याचं, पण कुणाकडं बघायचं हे मेंदू ठरवतो. तिथं तारांचं जाळं हाय, मागून पुढं गेलेलं, अन् डाव्या बाजूची राखण मेंदूचा उजवा भाग करतो. त्याच जाळ्यात गुठळी. म्हणजे बघा, दूध दोन्ही दारांनी येतंय, पण एका दाराशी मापाला कुणी बसलेलंच न्हाई. कागदावर घड्याळ काढायला लावलं, तर बाराच्या बारा आकडे उजव्या अंगाला कोंबले अन् म्हणाले, झालं. त्यांच्या लेखी झालंच होतं. आता मी मधीच ताट फिरवते, तर म्हणतात, आज दोन दिल्या व्हय? दुष्काळात एवढी बरकत कुणाच्या घरी न्हाई.

कळलं कसं? मौनाच्या उद्यापनाला. पूजेला बायको उजवीकडं बसते ना, तशी बसले. ह्यांनी बघितलं अन् भरल्या लोकांत विचारलं, "कवा आलीस धारूरवरून?" माहेरी गेले असं धरून चालले होते नऊ दिवस. कुणाला विचारलंबी न्हाई — असं मला वाटलं असतं, पण आठव्या दिवशी कय्युम आलता, डेअरीचं मशीन दुरुस्त करणारा. मी हातभर अंतरावर शेंगा फोडत होते, डावीकडं. हे त्याला म्हणाले, "ती न्हाई तर घर बोलत न्हाई, कय्युम. गाय परत आणतो, पण सांगू कुणाला?" कय्युमनं माझ्याकडं बघितलं, मी शेंगांकडं. एकतीस वर्षं झाली लग्नाला, असं कवा तोंडावर बोलले न्हाईत. मौन होतं म्हणून गप्प बसले — न्हाई, देवासमोर खोटं कशाला, मौन नसतं तरी गप्पच बसले असते.

डॉक्टर म्हणाले, डावीकडून हाक मारत जा, वळायला लावा, हळूहळू सुधारतील. मारते मी हाका. सकाळी तेवढ्या मारते.

तुमी एक करा भावजी, मापाचं टेबल डाव्या भिंतीला लावा. सगळे उजवीकडूनच येतील, मापात ह्यांचा हात कवा चुकला न्हाई. एकच अडचण — दोन्ही आळ्यांची रांग एक होईल. हसू नका, मला ठावं हाय, टेबल हलवणं सोपं न्हाई. ठराव तेवढा सोपा हाय. तो द्यायचाच असला तर डाव्या अंगाला ठेवा. तुमी दिल्यासारखं होईल अन् त्यांना —

थांबा. जागे झाले. तुमच्याकडंच बघतायत, राम राम घाला. अन् ती कुठं गेली म्हणून विचारतील, तर सांगू नका. मी ह्या डाव्या बाजूला बसते. सांगू नका म्हणते ना — गप बसा जरा, माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकू द्या.