धमकीचे नेमके शब्द

कारण? लिहावंच लागतं का हो, दादा? — नाही, वरचं तुम्ही छान टाइप केलंयत, ‘प्रोबेटचा अर्ज दुसऱ्या कोर्टात वर्ग करून मिळणेबाबत’ — वय, पत्ता, सगळं बरोबर. बाबांनी मृत्युपत्रात घर मला दिलं, ते कोर्टाकडून मंजूर व्हायचं तर धाकट्या भावाने हरकत घेतली, केस तिकडे माहेरच्या कोर्टात चाललीय आणि मला ती इथे हवीय, मी राहते तिथे. एवढं पुरे नाही? — बरं, मग लिहा, जिवाला धोका आहे. खोटं नाही हं! हे बघा हात, पेन धरवत नाही, म्हणून तर तुमच्या टेबलाशी आले. गेल्या तारखेला त्याने मला कोर्टाच्या जिन्यात गाठलं. दंड धरला. वकीलबाई पुढे निघून गेलेल्या, जिन्यात चिटपाखरू नाही, आणि धमकीच दिली त्याने —

नेमके शब्द? अहो, धमकी म्हणजे धमकी, शब्द कोण मोजतं! — शब्दांशिवाय अर्ज टिकत नाही म्हणता... थांबा मग, आठवू दे. तोवर बाकीचं घ्या.

मृत्युपत्राला साक्षीदार दोन. डॉक्टर गेल्या वर्षी वारले. राहिला त्यांचा कंपाउंडर. त्याला अर्धांग झालंय, कोर्टामागच्याच गल्लीत राहतो. जज्जसाहेब म्हणाले, येत्या परवाच्या तारखेला खुर्चीत बसवून आणा. इथे एवढ्या लांब काही त्याला आणता यायचं नाही — नाही नाही, त्यासाठी नाही! मी कुठे तसं म्हटलं? सज्जन माणूस तो. सहीच्या दुपारी बाबांना मागून आधार देऊन तोच बसला होता. डॉक्टरांना दुसरीकडे जायचं होतं, ते आधीच सही ठोकून गेलेले. बाबांची बोटं वळेनात, म्हणून मी हात धरला — चालतं कायद्याला, माणूस शुद्धीवर असला तर चालतं, वकीलबाईच म्हणाल्या. आणि घर तुलाच, असं बाबा शंभरदा बोललेले. बारा वर्षं त्यांचं सगळं मी केलं, धाकटा पाहुण्यासारखा यायचा. पहिलं नाव त्यांनी काढलं, देवाशपथ त्यांनीच, पेनला जोर लागत होता. मग तो जोर गेला. हात एकदम जड, ओल्या टॉवेलसारखा. आडनाव राहिलं होतं. कंपाउंडरने माझ्याकडे बघितलं, मी नाही बघितलं वर, मी आडनाव —

हे काय बोलत बसले मी! टाइप नाही ना केलंत? बघू. कागद दाखवा, म्हणते ना! — हं. कोराय खाली. माझी जीभ म्हणजे ना, तिला हाड नाही.

लिहा आता. दंड धरून म्हणाला — म्हणजे पायरीवरून माझा पाय घसरला, म्हणून धरला — म्हणाला, ‘ताई, घर तुझंच राहू दे. मी हरकत मागे घेतो. सही करताना बाबा जिवंत होते का, एवढं मला सांग.’ बास. आवाजसुद्धा चढवला नाही. डोळे भरलेले त्याचे. मी हात सोडवला आणि पळत सुटले, चप्पल तिथेच राहिली एक. तेव्हापासून दारावर टकटक झाली तरी मी कडी काढत नाही. हेच शब्द, जसेच्या तसे.

आता सांगा, धमकी होते का ही? — तुम्ही रोज लिहिता, तुम्हाला कळत असेल. होते का? — बोला की हो! असे बघू नका माझ्याकडे. तोही असाच बघत होता.

काढा तो कागद. नाही, फाडू नका, द्या इकडे, मीच फाडते. — आणि तिकडची दुपारची गाडी गेली का हो? तो आजारी माणूस खुर्चीतून जिना चढायच्या आत मला धाकट्याला उत्तर द्यायला पोचलं पाहिजे. — भीती? वाटतेय ना, अजून वाटतेय. सोडा आता. पुढच्याला बोलवा.