नुसता ताप नाही

इंद्रायणी : हात हलवू नका मॅडम, सलाईन निघंल.

रुक्साना : अजून किती वेळ? जुन्नरची शेवटची एसटी गाठायचीय. उद्या मुलींची प्रॅक्टिकल परीक्षा आहे.

इंद्रायणी : वर्गात चक्कर येऊन पडलात, आन एसटी? इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. डॉक्टर सोडणार न्हाईत.

रुक्साना : नर्सिंग मीच शिकवलं तुला, आणि मलाच सांगतेस?

इंद्रायणी : तुमीच शिकवलं म्हणून सांगते. दिवसभरात पाणी किती पिता?

रुक्साना : घरी गेल्यावर पिते.

इंद्रायणी : आन तोवर?

रुक्साना : तोवर नाही. वॉर्डात मुली इंजेक्शन द्यायला शिकतात. एकीचा हात चुकला तर पेशंटच्या जिवाशी खेळ. त्यांना टाकून बाथरूमला कशी जाऊ? शिकवणाऱ्या आम्ही चौघी होतो, आता दोघीच उरलो. वॉर्ड संपला की लगेच लेक्चर. सवय झालीय गं.

इंद्रायणी : आलात का भाऊ? सांगा आता तुमच्या बायकोला.

अजीज : (डबा ठेवत) सांगून दमलो. दरवेळी म्हणते, सुट्टीत दाखवू.

रुक्साना : उद्याची साडी आणली?

अजीज : नाही. खिचडी आणलीय. रागव पाहिजे तर.

रुक्साना : फोन द्या इकडे... हॅलो, प्राचार्य मॅडम? रुक्साना बोलतेय. उद्या नाही जमणार. थोडा ताप आहे... बरं. सोमवारी घेऊ मग.

इंद्रायणी : थोडा ताप?

रुक्साना : मग काय सांगू? लघवी दाबून आजारी पडले? ऑफिसात सगळे बसलेले असतात.

इंद्रायणी : मॅडम, तुमाला बघून आमीबी ड्युटीवर पाणी पीत नव्हतो. वाटायचं, चांगली नर्स अशीच आसती.

रुक्साना : कोण, तू?

इंद्रायणी : आमची सगळी बॅच. लई जणींना त्रास झाला. तुमाला कोण सांगणार?

अजीज : फोन वाजतोय तुझा. कोणी श्रेया आहे.

रुक्साना : विद्यार्थिनी आहे. द्या... हं, श्रेया. हो, परीक्षा पुढं गेली... नाही, नुसता ताप नाही. सगळ्या आहात ना तिथं? स्पीकर लाव. किडनीला इन्फेक्शन झालंय मला. दिवसभर पाणी पीत नव्हते, लघवी दाबून ठेवत होते... हसू नका गं. सोमवारपासून वॉर्डात कुणाला बाथरूमला जायचं असेल तर सरळ सांगायचं आणि जायचं. तेवढा वेळ काम थांबेल... काय?... हो. मीसुद्धा जाईन.