एका बाजूच्या खुणा

— नाही, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. साफ फसवलंय. खाली संत बार्बराच्या चॅपेलपाशी तो फलक आहे ना, ‘बोगदा पाहून गोल फिरून परत, दीड तास’ — तो ज्याने कुणी लावला त्याला वाट माहीत नव्हती, किंवा माहीत असून… जाऊ दे. तुम्ही उठू नका, बूट राहू दे काढलेला, टाच पार सोलवटलीय तुमची. मी घाबरवत नाहीये, नुसतं विचारतेय — त्या किती वाजता पुढे गेल्या? अडीचला. एकट्याच. आणि आता चार वाजून दहा मिनिटं. बरं. म्हणजे फार उशीर नाही झालेला. माणूस रेंगाळतं, फोटो काढतं, पानं उचलतं, ऑक्टोबरात इथे पानं काय सुंदर असतात — बसा हो, बसा. त्यांचा गुडघा कसा आहे? बरा नाही. काठी? ती इथे ठेवून गेल्या. ही त्यांची काठी होय. मला वाटलं तुमची.

मी मार्लेने. ह्याच गावची, एलर्शाइडची — ते खाली काळ्या दगडी कौलांचं घर दिसतंय ना, ते आमचं. आमच्याकडे सगळीच काळी कौलं म्हणा. शिकते त्रिअरला, इतिहास, शनिवारी घरी येते. मी हळू बोलते, चालेल? तुमचं जर्मन ठीक आहे हो, मला उगीच वाटलं, कळत नसेल. फोन नका लावू, इथे बुरुजाच्या आडोशाला लागत नाही, आत जंगलात तर नाहीच नाही. तो चॅपेलच्या टेकाडावर लागतो. मी जाते आत्ता. जातेच. फक्त एवढं सांगा, त्या वाटेवरून परत आलेलं कुणी दिसलं का तुम्हाला? कुणीच नाही. पावणेदोन तासांत कुणीच नाही.

तुमच्या पाठीमागचा हा बुरूज, ह्याच्यापाशी गावाने तीन फलक लावलेत, माहितीये? सातशे वर्षांपूर्वीच्या सरदाराने कुठल्या खिडकीतून बाण मारले त्याच्या चित्रासकट. लोक येतात, वाचतात, खाली जाऊन प्लमचा केक खातात, खूश होऊन जातात. आणि इथून पाऊण तासावर तो बोगदा, काळ्या दगडाच्या खाणीतला, जिथे युद्धात पकडून आणलेली पोरं डोंगर फोडायची — पोलंडची, युक्रेनची, सोळा-सतरा वर्षांची पोरं — तिथे काय आहे? नेचे. नेचे आणि एक गंजकी साखळी. मला चीड येते. तुम्हाला नाही येत? …हे काय दाखवताय? थांबा, चष्मा — फोटोतले हे कोण? त्यांचे वडील. हालिनाबाईंचे वडील. चेस्वाव नाव त्यांचं. टोपी किती मोठीय त्यांना, कानांवर आलीय. म्हणजे हे इथे होते. आमच्या बोगद्यात. आणि म्हणून त्या गुडघा दुखत असताना, काठी विसरून, तुम्हाला बाकावर बसवून… त्या फलक वाचून रडल्या, असं म्हणालात तुम्ही. की इतक्या वर्षांनी ह्या गावातल्या कुणाला तरी बोगद्याचं नाव लिहावंसं वाटलं.

असं नका बघू माझ्याकडे. नखांकडे बघताय. हो, पिवळा रंग आहे, मघाशी डबा उघडताना लागला. पिशवीत डबा आहे रंगाचा, ब्रशही आहे.

ऐका, मी सगळं सांगते, पण मधे थांबवू नका, नाहीतर माझं धैर्य जाईल. आमच्याकडे मंडळ आहे — वाटा सांभाळायचं मंडळ, झाडांवर खुणा रंगवतात, कुठे वळायचं त्या. गेल्या वसंतात मी बैठकीत मांडलं, की बोगद्याची वाट खुली करूया. बियरच्या ग्लासांवरून सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी टेबलावर उंदीर ठेवला. चिटणीस म्हणाले, “मार्लेने, लोक इथे हवा खायला येतात, रडायला नाही.” सगळे हसले. अकरा हात विरोधात वर गेले. कुनिबर्टआजोबांचासुद्धा — ते आमचे वाटाडे, एक्क्याऐंशीचे आहेत, लहानपणी मी त्यांचा रंगाचा डबा धरून रानभर फिरलेय. त्यांचा हात वर गेलेला पाहिला आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. ते एवढंच बोलले, “त्या वाटेला परत यायची सोय नाही.” मी म्हटलं, निमित्त. ऐंशी वर्षं ह्या गावाला निमित्तंच पुरलीत. आणि ऑगस्टमधे एका पहाटे मी त्यांच्याच शेडमधून त्यांचाच डबा उचलला आणि बीच झाडांच्या खोडांवर पिवळ्या खुणा रंगवत गेले, इथून थेट बोगद्यापर्यंत. फलकही मीच लिहिला. ज्याने कुणी म्हणजे मीच. कळलं ना? मीच फसवलंय तुम्हाला.

नियम काय आहे सांगू? खूण झाडाच्या दोन्ही अंगांना काढायची. एक जाणाऱ्यासाठी, एक येणाऱ्यासाठी. आणि रंग संपला, काम झालं, की उलटं चालून बघायचं — सगळी वाट, शेवटापासून. जिथे थांबून विचार करावा लागला तिथे खूण कमी पडली. आजोबा मला सात वर्षांची असल्यापासून हे सांगतायत. मी नाही चालले उलटं. मला घाई होती, उजाडलं होतं, कुणी बघेल म्हणून भीती होती — आणि मी स्वतःला सांगितलं, गोल वाट आहे, बोगद्याच्या पुढून ओढ्याकाठाने माणूस आपोआप गावात उतरतं, परतीच्या खुणा हव्यात कशाला? हव्यात कशाला. मग सप्टेंबरात वादळ झालं. ओढ्याकडची वाळलेली स्प्रूस झाडं, किड्याने खाल्लेली, सगळी आडवी झाली, एकावर एक, माणूस काय हरीण जात नाही त्यातून. आईने फोनवर सांगितलं. दहा दिवसांपूर्वी. मी तेव्हाच यायला हवं होतं, निदान तो फलक काढायला तरी सांगायला हवं होतं — पण मग विचारलं असतं ना, तुला का एवढी काळजी? आणि गेल्या शनिवारी परीक्षा होती. मी म्हटलं, ह्या शनिवारी डबा घेऊन जाते, दुसरी बाजू रंगवून टाकते, कुणाला कळायचंही नाही. आज शनिवार आहे.

म्हणजे बोगद्यापर्यंत त्या नीट गेल्या असतील. प्रत्येक झाड ‘इकडे या’ म्हणतं. मग पुढे वाट बंद. मग वळल्या असतील — आणि वळल्यावर एकही खूण नाही. नुसती करडी खोडं, सगळी सारखी. आणि उजव्या हाताला जुन्या खाणीचे खड्डे आहेत, घराएवढे खोल, काठोकाठ पानांनी भरलेले. वरून जमीनच वाटते. नाही, नाही, उठू नका तुम्ही, तुम्ही त्या टाचेने गेलात तर दोघांना शोधावं लागेल.

ते बघा, धुकं यायला लागलं. आमच्याकडे खालून येतं, ओढ्यातून, हळूच, दूध उतू आल्यासारखं. सहाच्या आत रानात अंधार. मी काय बोलत बसलेय? मला माहितीये मी का बोलत बसलेय. टेकाडावर जाऊन फोन केला की गावचा भोंगा वाजणार, अग्निशमनवाले धावत येणार, सगळे त्या मंडळातलेच, आणि विचारणार, ह्या खुणा कुणी काढल्या. वीस मिनिटं मी त्या प्रश्नाला भितेय आणि त्या तिकडे… तुम्ही हाक मारा. जोरात. त्यांना तुमचा आवाज ओळखीचा. मारत राहा, थांबू नका, मी पळते —

कुत्रा भुंकला. गावाकडून. कुनिबर्टआजोबा आहेत ते, त्यांची कुत्री आहे, फ्लोका. आजोबा, इकडे! ते… हातात डबा आहे त्यांच्या. बाहीला पिवळं लागलंय, कोपरापर्यंत. बघा, त्यांना कळलंय, खुणा पुसूनच बाही रंगलीय, एक खूण टिकू देणार नाहीत — आजोबा, आधी ऐका, एक बाई आत आहेत, अडीचपासून, पाय अधू आहे, ओढ्याची बाजू बंद आहे, आणि ते सगळं मी केलंय, मी, तुमच्या डब्याने, मला नंतर काय हवं ते बोला —

म्हातारा थांबला नाही. कुत्रीची दोरी त्याने बाकावर बसलेल्या माझ्या हातात दिली, हालिनाची काठी उचलली आणि जंगलाकडे वळत मार्लेनेला म्हणाला, “परतीच्या खुणा मंगळवारपासून मीच काढतोय, पोरी. इकडून निम्म्या वाटेपर्यंतच पोचलोय.”