एलीमच्या झऱ्यातला नारळ

नाही नाही, मला काय विचारताय? मी गेटवर चहा विकणारी बाई— रत्नप्रभा, या स्टुडिओत कोणालाही विचारा. किटली घेऊन आत जाते ती तेवढीच. आणि तुम्ही कोण हो? तिसरं कटिंग घेताय नि दर वेळी अर्धं टाकताय. चहा प्यायला आलेला माणूस चहा टाकत नाही. प्रॉडक्शनवाल्यांनी पाठवलंय ना? खरं सांगा.

बरं, नका सांगू. एलीमच्या सेटचं विचारायचंय ना? ते बायबलच्या सिरियलमधलं— मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून सुटलेली माणसं वाळवंटात तहानेने कासावीस होतात, मग एलीमला पोचतात. बारा झरे, सत्तर खजुरीची झाडं. तिथे तळ ठोकतात. माझ्या बाळाने सांगितलं सगळं. माझा मुलगा, लाइटवर आहे— होता. कालपासून घरी बसवलाय. का, तर हिरोने शेवटच्या झऱ्यात ओंजळ घातली नि हाताला नारळ लागला! म्हणे करणी केली, म्हणे सेट बंद पाडायचा होता, आणि पॅकअपला शेवटी बाळाच होता तिथे. करणी! नारळाला घाबरतात, कुठली माणसं ही?

आमच्या देवगडला नवीन विहिरीला पाणी लागलं की आधी तिची ओटी भरतात, मगच कोणी पाय घालतो. नाहीतर पाणी माणूस घेतं. सेटवरच्या झऱ्यात टँकरचं असलं म्हणून काय झालं, पाणी ते पाणीच ना! आणि माझा बाळा त्याच झऱ्यात गुडघाभर उभा, हातात लाइटची वायर— तुम्ही तुमच्या पोराला उभं केलं असतं? मी आपलं असंच सांगतेय हं. कोणी टाकला मला ठाऊक नाही. पण ज्याने टाकला त्याने चांगल्या मनानेच टाकला असणार— हळदकुंकू लावून, खणात बांधून, सुटू नये म्हणून दोनदा गाठ मारून. तरी मेली सुटलीच.

काय? असे काय बघताय? खण? मी खण म्हटलं? अहो, खणाचं तर सगळ्यांनाच— नाही? कॅमेऱ्यात नुसता नारळ आला? खण तळाशीच राहिला?

मोबाइल खिशात ठेवा. ठेवा म्हणते ना! कोणाला लावताय? ...बरं, लावा. लावाच. सांगा, आईने भरली ओटी, पोराला पत्ताही नाही. त्याला आत घ्या म्हणावं. पण आधी तो नारळ परत पाण्यात सोडा, तोवर माझ्या बाळाला त्यात उतरवायचं नाही. सांगितलंत? मग उठा आता. बाक पुसायचाय मला.