त्रेपन्न हजारांची घासाघीस

...नाही, पण मला एक सांगा, भाव करणं हा काय गुन्हा आहे? चेन्नईजवळ एन्नोरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं परचेस सेक्शनला काढलीत मी! नटबोल्टांपासून बॉयलरच्या पत्र्यापर्यंत एक वस्तू सांगितलेल्या भावात घेतली नाही! टी. नगरला साडीच्या दुकानात मी शिरलो की सेल्समन एकमेकांकडे बघतात, 'आला रे आला, राघोत्तम राव आला'. आमची महालक्ष्मी, म्हणजे आमची ही, ती तर दोन दुकानं सोडून उभी राहते, ओळख दाखवत नाही! आणि तुम्हाला सांगतो, या एका गुणाचा मला एवढा अभिमान होता... एवढा होता... की त्याच गुणानं मी माझ्या पोरीचं घर बुडवायला निघालो होतो. आणि पोरगी? हरिणी काही बोलली नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी रिटायर झालो आणि वर्षाच्या आत छातीत दुखलं. बघा, कारखान्याचा विमा होता तोवर साधी शिंक आली नाही! दोन स्टेंट घातले. डॉक्टर भला माणूस, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सार, इनिमे इरुबदु वरुषम कवलै इल्लै!" आता वीस वर्षं काळजी नाही. खर्चाची काळजी त्यात धरली नव्हती. हॉस्पिटलातच खाली एक टेबल असतं, तिथं बिलासाठी कर्ज मिळतं, हप्त्यानं फेडायचं. पण त्या टेबलावरची बाई म्हणते, "पगाराची स्लिप?" आता रिटायर्ड माणसाला कसली पगाराची स्लिप? हरिणी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली, तिसराच पगार. तिनं पर्समधून स्लिप काढली, सही ठोकली, दीड लाखाचं कर्ज तिच्या नावावर. मी पडल्यापडल्या म्हटलं, "बाळ, हप्ते मी भरणार. तू बघायचंसुद्धा नाही." आणि फॉर्मवर फोन नंबर माझा घातला, पोरीला उगाच त्रास नको म्हणून! केवढा मायाळू बाप, नाही का?

आठ हप्ते भरले. मग माझ्या नव्या विम्याचं पत्र आलं, क्लेम नामंजूर. का? तर आजार जुना आहे. अहो, माणूस जुना आहे, आजार नवा कुठून आणू? मी भडकलो. म्हटलं, विमावाले देत नाहीत तोवर मीही कुणाला एक पैसा देणार नाही! आता विम्याचा राग कर्जावर काढायचं काय कारण? काही नाही! वड्याचं तेल वांग्यावर! पत्रं यायची, मी पंचांगाच्या मागे सरकवायचो. फोन यायचे, मी कट करायचो. महालक्ष्मी म्हणायची, "कोण हो, सारखं सारखं?" मी म्हणायचो, "राँग नंबर." दीड वर्ष राँग नंबर! आणि हरिणीला काही माहीतच नाही, तर ती बोलणार काय?

मग एक दिवस वसुलीवाला दारात. वेंकट नाव. मला वाटलं, गुंड असेल, तर हा कपाळाला विभूती लावलेला, चप्पल बाहेर काढून आत येणारा. "वणक्कम सार, दंडव्याज धरून चौऱ्याण्णव हजार बाकी आहे, सार." आणि पुढे म्हणतो, "पण सार, थोडं कमी करू शकतो." थोडं कमी! ज्याला जन्मभर हाच मंत्र ऐकायचाय त्याच्या कानात तो म्हटला! मी खुर्ची पुढे ओढली. "महालक्ष्मी, कॉफी आण, दोन!" मी म्हटलं, वीस. तो म्हणाला, ऐंशी. मी छातीवर हात ठेवून खोकलो. तो म्हणाला, सत्तर. मी स्टेंटचे कागद काढले. तो म्हणाला, "ऐयो सार, साठ." मी पेन्शनचं पासबुक दाखवलं, फाटलेलं पान उघडून. दोन तास! तीन कॉफ्या! आणि शेवटी एक्केचाळीस हजारांत मिटवलं! त्रेपन्न हजार वाचवले हो! कर्जाच्या कंपनीचं पत्र आलं, 'खातं सेटल्ड'. ते मी वेस्ट मांबलमला स्टेशनजवळ जाऊन लॅमिनेट करून आणलं आणि देवाच्या कपाटात ठेवलं. त्या दिवशी घरात केसरी केली, म्हणजे इकडचा गोड शिरा. हरिणीनंही दोनदा घेतली. कशाबद्दल ते तिनं विचारलं, मी म्हटलं, "असंच."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण बैल रिकामा आहे हे कळायला दोन वर्षं लागली.

गेल्या वर्षी हरिणीनं आणि जावयानं, प्राणेशनं, फ्लॅट बघितला. कुठं? आमच्यापासून दोन गल्ल्यांवर! का? "अप्पांना रात्री-बेरात्री काही झालं तर धावत येता यावं." माझ्यासाठी! हे लक्षात ठेवा, कारण मी विसरू शकत नाही. साठ लाखांचं कर्ज. बँकेत मी बरोबर गेलो, भाव करायला कुणी अनुभवी नको? तिथल्या शरण्या मॅडमनी स्क्रीन बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "मॅडम, तुमच्या नावावर एक जुनं हॉस्पिटलचं कर्ज दिसतंय, सेटल्ड."

मी काय करावं? मी तोंड वर करून पिशवीतून ते लॅमिनेट केलेलं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं, टप्! "हे बघा, सगळं मिटवलंय! चौऱ्याण्णवचे एक्केचाळीस!" शाबासकीची वाट बघत होतो हो मी! शरण्या मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सार, क्लोज्ड म्हणजे पूर्ण फेडलं. सेटल्ड म्हणजे पूर्ण फेडलं नाही, कंपनीनं उरलेलं सोडून दिलं. आम्ही क्रेडिट रिपोर्टमध्ये हेच वाचतो, की या मुलीनं पैसे बुडवले." या मुलीनं! माझी पोरगी कॉलेजात लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तर रडायची! तिनं ते पत्र उचललं, तारीख वाचली, केसरीचा दिवस तिला आठवला असणार, तिच्या चेहऱ्यावर मी बघितलं. पत्र तिनं परत माझ्या पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन लावली. लाज वाटली हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. महालक्ष्मी ओरडली ना, आठ दिवस! मी तोंड उघडलं की, "तुम्ही गप बैसा!" आम्ही तंजावरकडचे, आमच्यात अजून 'बैसा'च म्हणतात. मी गप बैसलो.

शरण्या मॅडमनी उपाय सांगितला होता. सोडलेली रक्कम कंपनीला भरा, पूर्ण फेडल्याचा दाखला घ्या, रिपोर्ट बदलायला लावा. मी बँकेतली फिक्स्ड डिपॉझिट मोडली आणि टी. नगरला त्या कंपनीत गेलो, साडीच्या दुकानावर तिसरा मजला, लिफ्ट बंद, दोन स्टेंट घेऊन चढलो. तिथला मॅनेजर व्यासराज, त्याला म्हटलं, त्रेपन्न हजार भरायला आलोय. तो बघतच राहिला. "सार, तुमची बाकी शून्य आहे." मी म्हटलं, शून्य नको, त्रेपन्न घ्या. त्यानं कुणाला तरी फोन केला, आणि म्हणतो, "सार, एवढे लांब आलात, सीनियर सिटिझन आहात... पंचवीस भरा, विषय संपवू."

डिस्काउंट! मला! मी किंचाळलो, "पंचवीस नाही! त्रेपन्न!" तो म्हणाला, "बरं सार, तीस." मी म्हटलं, "त्रेपन्न!" "पस्तीस, लास्ट." "अरे बाबा, हात जोडतो, एक रुपया सोडू नकोस!" खालच्या दुकानात साड्या घ्यायला आलेल्या बायका आवाज ऐकून जिन्यात येऊन बघायला लागल्या. सगळे भरले तेव्हाच उठलो. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या भावाच्या वर पैसे दिले आणि त्यासाठीसुद्धा घासाघीस करावी लागली!

दीड महिन्यानं रिपोर्टात 'क्लोज्ड' आलं. मी पळत बँकेत. शरण्या मॅडम म्हणाल्या, "छान झालं सार, पण हप्ते चुकलेले महिने दिसत राहणार, ते पैसे भरून पुसले जात नाहीत. स्कोअर हळूहळू चढेल." कर्ज मिळालं, फ्लॅट हातचा गेला नाही, पण व्याज पाऊण टक्का जास्त. मी घरी गणित मांडलं. महिन्याला अठ्ठावीसशे त्र्याऐंशी रुपये जादा, वीस वर्षं, जवळजवळ सात लाख! वाचवले किती? त्रेपन्न हजार! तेही परत दिले!

गृहप्रवेशाला मी हरिणीला गॅलरीत गाठलं. म्हटलं, "बाळ, चुकलो. तुझ्या नावाला मी डाग लावला आणि वर केसरी खाल्ली. ते अठ्ठावीसशे त्र्याऐंशी दर महिन्याच्या पाच तारखेला मी देणार, शेवटपर्यंत." आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा हरिणी बोलली. डोळे पुसत म्हणाली, "अप्पा, दोन हजार दिलेत तरी चालेल."

डिस्काउंट! पुन्हा! मी म्हटलं, नाही, बाई! पूर्ण! सेटल करायचं नाही! ती हसली, "बरं अप्पा, पूर्ण. वीस वर्षं." मी लगेच हो म्हटलं.

घरी येऊन हिशेब केला. डॉक्टरनं वीस वर्षं दिली होती, त्यातली पाच संपली. उरली पंधरा. हप्ते वीस वर्षांचे. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतलीय त्याच्याकडे... पाच वर्षं वाढवून मागायचीत, आणि भाव कसा करायचा तेच विसरलोय!