गोधडीचा चौथा कोपरा

चर्रर्र...

हा एकच आवाज सकाळपासून कानात घुमतो आहे, म्हणून सभेचे संकेत बाजूला ठेवून आधी तोच सांगतो. माझी माय अंगणात उकिडवी बसायची, विरलेल्या लुगड्याच्या काठाला दातांनी चीर द्यायची आणि मग दोन्ही हात एकदम लांब करायची. चर्रर्र! चुलीपाशी निजलेलं मांजर उठून पळायचं. मी पाटी घेऊन बसलेला असायचो आणि मला वाटायचं, घरात काहीतरी मोडलं. थोड्या दिवसांनी त्याच चिंध्या एकमेकींना बिलगून गोधडी होऊन माझ्या अंगावर यायच्या. फाटण्याच्या आवाजातून ऊब निघते, हे मला कुठल्याच शाळेने शिकवलं नव्हतं.

तर, या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या बपेऱ्याच्या सरपंच रक्षाताई बिसेन. भंडाऱ्याहून एसटीत उभ्याने प्रवास करून वेळेवर पोहोचलेले प्रमुख पाहुणे माननीय वीरेंद्र भुरे साहेब. आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती शकुनबाई पटले. त्यांना न्यायला नागपूरहून आलेले चिरंजीव अमर आणि सूनबाई रिता. आमच्या गोधडी मंडळाच्या कुंताबाई आणि तुळसाबाई. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, ज्यांच्यापैकी निम्म्यांचे कान मी कवितेच्या तासाला कधी ना कधी पिरगाळले आहेत!

रक्षाताईंचाही पिरगाळला होता. म्हणूनच मघाशी त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "गुरुजी, लांबवू नका बरं." अध्यक्षांची आज्ञा शिरसावंद्य. तरी म्हातारा माणूस आणि माइक यांची गाठ पडली की काय होतं, हे सभागृह जाणतं.

उद्या शकुनबाई नागपूरला जाणार. त्यांच्या निरोपाबरोबर आणखी एक गोष्ट आज ठरायची आहे. आपलं गोधडी मंडळ चालवायचं की आवरायचं? काल कुंताबाई माझ्या ओसरीवर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "तिघानं काय होते जी, गुरुजी? देऊन देऊ निरोप, शकुनलेबी अन् मंडळालेबी." तुळसाबाईंनी दोरा तोडला.

हे मंडळ माझ्या ओसरीवर बसतं. ते उठलं की ओसरी रिकामी. आता यात माझं काय अडकलं आहे, हे लपवायचं माझं वय राहिलेलं नाही. दुपारचं जेवण झालं, ताट घासून पालथं घातलं, की माझ्या घरात आवाज करायला काही उरत नाही. मी उगाच जाऊन दाराची कडी वाजवून येतो. माझी लेक गुड्डी रायपूरला असते. रविवारी मोबाइलवर दिसते आणि म्हणते, "बाबा, फोन सरळ धरा, मले नुसतं छत दिसून राहिलं." मग म्हणते, "इकडे या ना, कायले राहता तिथं एकटे?" मी म्हणतो, येतो ना, पण माझा कोपरा कोण धरणार? इतकी वर्षं हे उत्तर पुरलं. मंडळ आवरलं तर ते उत्तरही जाईल.

कोपरा म्हणजे काय, हे पाहुण्यांसाठी सांगितलं पाहिजे. गोधडी जमिनीवर पसरतात. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळांची नक्षी. चार कोपऱ्यांवर चार माणसं बसतात आणि काठाकडून आत, मधोमध भेटेपर्यंत, धावदोरा घालत सरकतात. चारही बाजूंनी ताण सारखा राहिला तर गोधडी सपाट बसते. एक कोपरा रिकामा राहिला की त्या बाजूला झोल येतो, आणि तो झोल कितीही टाके घातले तरी जात नाही. चार चरणांच्या श्लोकासारखंच आहे हे. तीनच चरण म्हटले तर अर्थ कळतो, पण कान अडकून राहतो. मी वर्गात मुद्दाम तीन ओळी म्हणून थांबायचो आणि सगळा वर्ग चौथी ओळ ओरडायचा. शेजारच्या वर्गातले मास्तर खिडकीत येऊन डोळे वटारायचे!

असो. भरकटलो.

मंडळ सुरू केलं ते माझ्या पत्नीने, गोदावरीने. तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून शकुनबाई. दवाखान्यातल्या एका बाळंतिणीचं बाळ सिमेंटच्या पिशवीच्या कापडात गुंडाळलेलं या दोघींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर पहिलं दुपटं पसरलं. तेव्हापासून तालुक्यातल्या किती तान्ह्या लेकरांच्या अंगाखाली या हातांचे टाके गेले! वसतिगृहातल्या मुलींना गोधड्या गेल्या, वीटभट्टीवरच्या झोपड्यांत गेल्या, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशातही गेल्या. गोधडीला कोण राज्य विचारतं?

गोदावरीने एक दंडक मात्र घातला होता. नुसतं कापड घ्यायचं नाही. ज्या घरचं लुगडं येईल, त्या घरचं एक माणूस गोधडी होईपर्यंत एका कोपऱ्याला बसलं पाहिजे. टाके वाकडे आले तरी चालतील. तुमसरच्या एका भल्या गृहस्थांनी रिक्षाभर कपडे पाठवले, सोबत माणूस नाही. हिने रिक्षावाल्याला चहा पाजला आणि रिक्षा भरलेलीच परत पाठवली. मी म्हटलं, अगं, दान आहे ते. तर म्हणाली, "कपाट खाली केलं त्यायनं. मायचं लुगडं कोणाच्या अंगावर जाऊन राहिलं, ते पाहाले नको का?"

पुढे ती गेली. तिच्या लुगड्यांचं गाठोडं मी पेटीतून काढलं आणि ओसरीवर शकुनबाईंसमोर ठेवलं. त्यांनी गाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "गुरुजी, दंडक ठाऊक आहे ना?"

ज्या घरचं लुगडं, त्या घरचं माणूस. घरात माणूस एकच उरला होता. मी बसलो.

गोदावरीच्याच कोपऱ्यावर बसलो. शेजारी शकुनबाई, समोर कुंताबाई आणि तुळसाबाई. माझे पहिले टाके पाहून कुंताबाई म्हणाल्या, "गुरुजी, हे टाके होत का बेडकाच्या उड्या?" गावभर झालं. एसटी थांब्यावर पानठेला चालवणारे दादाजी टेंभरे रस्त्यावरून ओरडायचे, "गुरुजी! आता लुगडं नेसाचंच बाकी राहिलं का जी?" त्यावर शकुनबाई ओसरीवरूनच म्हणायच्या, "या ना दादाजी, पहिले तुमच्या तोंडालेच दोन टाके घालतो!" आता ती थट्टाही ऐकू येत नाही. यंदा त्यांच्या पत्नी पार्बताबाई गेल्या आणि दादाजींनी ठेला बंद केला. मी दोनदा त्यांच्या दाराची कडी वाजवून आलो. आतून खोकल्याचा आवाज आला, दार उघडलं नाही. दुसऱ्याचं बंद दार मला जरा जास्तच कळतं, म्हणून तिसऱ्यांदा गेलो नाही.

तर गोदावरीच्या लुगड्यांची दुपटी झाली. मऊ कापड, तान्ह्यांना तेच लागतं. उरलेल्या लुगड्यांची शकुनबाईंनी एक मोठी गोधडी केली, जांभळे काठ चारी बाजूंनी फिरवून. म्हणाल्या, "ही कोणाले द्याची नाही. ही तुमची."

आणि इथे एक घोटाळा झाला. गोधडी माझ्या अंगणात दांडीवर उन्हात टाकली होती. त्याच आठवड्यात चिखल्याला, खाणीतल्या कामगारांच्या वस्तीजवळ, काही घरं जळाली. आपल्या गावच्या आशा सेविका टीनाताई गाडी घेऊन गोधड्या न्यायला आल्या. ओसरीवरचा गठ्ठा उचलला आणि जाता जाता दांडीवरचीही घेतली. त्यांची काय चूक? आमच्या ओसरीवर आजवर कोणी स्वतःसाठी गोधडी शिवलीच नव्हती. तिथे वाळत असलेलं पांघरूण दुसऱ्याचंच असणार, हे या गावात कुणीही सांगेल.

कळलं तेव्हा टीनाताई रडायला लागल्या. शकुनबाईंनी पायात चपला घातल्या आणि मिळेल त्या गाडीने चिखल्याला निघाल्या. मी दिवसभर ओसरीवर बसून होतो. दिवेलागणीला त्या परत आल्या, रिकाम्या हाताने.

"भेटली?" मी विचारलं.

"भेटली जी."

"मग?"

"त्याच्यात एक म्हातारा झोपला होता. उठाची वाट पाहिली, चहा पेली. उठला तं म्हणे, बाई, घर जळल्यापासून आज डोळा लागला. मंग कायची मागतो मी?"

"बरं केलं," असं मी म्हणालो. आणि आत जाऊन, तहान नसताना, पाणी प्यायलो. पाणी पिता पिता हसूही आलं. माझ्या बायकोच्या पदराखाली कोण कुठला म्हातारा घोरतो आहे! दादाजींना कळलं असतं तर ठेल्यावर आठवडाभर गिऱ्हाइकांना दुसरा विषय मिळाला नसता.

त्या दिवसापासून आजपर्यंत शकुनबाईंनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. पण रोज दुपारी त्या यायच्या तेव्हा अंगणातल्या दांडीकडे एकदा बघायच्या. सत्कारमूर्तींच्या गौरवात आणखी काय बोलायचं असतं? शाल, श्रीफळ आणि हार मघाशी झालेच. मला त्यांचं मोठेपण म्हणून एवढंच दिसतं की त्या मागायला गेल्या आणि मागू शकल्या नाहीत.

रिता सूनबाई, तुम्ही त्यांना घेऊन जा. नक्की घेऊन जा. त्यांचे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत. उठताना त्या माझ्या ओसरीच्या खांबाला धरतात आणि कुणी पाहिलं की म्हणतात, "खांब मजबूत आहे का पाहून राहिलो." मी त्यांना थांबा म्हणणार नाही. लेकराकडे जाणाऱ्या माणसाला थांबवू नये. नागपूरला फरशीवर गोधडी पसरा म्हणून आग्रह धरतील, तेवढा मात्र सांभाळा.

माझी विनंती समोर बसलेल्यांना आहे. आम्ही तिघं उरलो. कुंताबाई, तुळसाबाई आणि बेडकाच्या उड्या घालणारा मी. एक कोपरा रिकामा आहे. कोणी बसेल? रोज नको. हाताला सफाई नको. दुपारचा थोडा वेळ. चहा मी करतो, साखर बेताची घालतो.

कोणी?

खुशबू, तू मान वर केलीस म्हणून विचारतो. ... हो, कॉलेज. खरं आहे बाळा, तुमसरहून यायलाच दिवस मावळतो. मागे बसलेल्या सूनबाई? धानाची कापणी, बरोबर. कापणी झाली की चुरणं-मळणी, ते झालं की लग्नसराई. मला समजतं, मी शेतकऱ्याचाच मुलगा. रक्षाताई सुचवतात की ग्रामपंचायत ब्लँकेटं विकत घेऊन वाटू शकेल. आभारी आहे, ताई. जरूर वाटा. थंडी ब्लँकेटनेही जाते. पण ब्लँकेट वाटायला कोणाच्या ओसरीवर चौघांना बसावं लागत नाही, आणि माझं दुखणं तेवढंच आहे.

मी वर्गात तीन ओळी म्हणून थांबायचो, तेव्हाची शांतता फार थोडी टिकायची. आजची जरा लांबली.

ठीक आहे. कुणावर राग नाही, आणि कुणाला भरीस पाडण्याचा हा प्रसंगही नव्हे. कुंताबाई, तुमचं म्हणणं सभेने ऐकलं आहे. हातात आहे ते शेवटचं दुपटं पुरं करू आणि मग तुम्ही म्हणाल तसं. गुड्डीलाही रविवारी सांगून टाकतो.

अध्यक्षांनी मला दिला त्याहून बराच अधिक वेळ मी घेतला. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहणं शिष्टाचाराने टाळलं, याबद्दल त्यांचे आभार. प्रमुख पाहुण्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्या मुलांचे, आणि ज्यांनी ज्यांनी आजवर आपल्या मायचं, आजीचं लुगडं आमच्या ओसरीवर आणलं, त्या सगळ्या घरांचे आभार. शकुनबाई, तुम्हाला काय म्हणू? सुखाने जा. बोलण्याच्या ओघात माझा एखादा टाका कुणाच्या मनाला टोचला असेल, तर म्हातारपणाचा हात थरथरला असं समजून तो उसवून टाका. मी आपली रजा घेतो.

थांबा. दाराशी कोण उभं आहे? उजेडाकडे पाठ आहे, चेहरा दिसत नाही.

दादाजी?

या ना, या. तुम्हीबी काहून उंबऱ्यात उभे? खुशबू, खुर्ची सरकव, काकांना वाट दे. काखेत काय धरलंय? ... काय म्हणता? जरा मोठ्याने. माइक माझ्याकडे आहे, तुमचं काही ऐकू येत नाही.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. दादाजी म्हणतात, "पार्बताचे लुगडे होत. घरात पाहवत नाहीत. देऊन जातो म्हटलं." आणि विचारतात, "मलेबी बसा लागंल का जी?"

बसा लागंल, दादाजी.

शकुनबाई, हसू नका, त्यांना आधी आत येऊ द्या. कुंताबाई, तुम्ही कुठे धावता? त्यांच्या हातातलं गाठोडं घेऊ नका. त्यांचं त्यांनाच आणू द्या.